शिरूर-दौंडचा मतदार कुणाचा?

'आमच्याकडे माणूस बघून मत देतात,' असं घरात ऐकत आलोय. मला ती पळवाट वाटायची. मग जुने निकाल काढून बसलो.

२००९ला शिरूर लोकसभेतून शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव निवडून आले. त्याच वर्षी शिरूर विधानसभेला राष्ट्रवादीचे अशोक पवार, २०१४ला भाजपचे बाबूराव पाचर्णे, २०१९ला पुन्हा पवार. २०२४ तर भन्नाटच: ज्या घड्याळाविरुद्ध आढळराव वर्षानुवर्षं लढले, त्याच घड्याळावर ते लोकसभेला उभे! जिंकले तुतारीवाले अमोल कोल्हे, तेही मूळचे शिवसेनेतलेच. सहा महिन्यांनी विधानसभेला मात्र घड्याळाचे ज्ञानेश्वर कटके. नेतेच इतके मोकळे, तर मतदाराने निष्ठा कुणाशी ठेवायची?

दौंडला २००९मध्ये रमेश थोरात अपक्ष जिंकले. राहुल कुल २०१४ला रासपकडून आले, २०१९ला भाजपकडून, अवघ्या ७४६ मतांनी. ऑस्ट्रेलियात १९१८पासून पसंतीक्रम लावता येतो; इथे एकच बटण.

त्या सोमवारी सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. दौंडच्या यादीत नाव असून मी पुण्यातच राहिलो. थोरात की कुल, हे तेव्हा ठरवलंही नव्हतं.