वेळ अमावस्या : बिनखर्चाची सहल

मंडळी, वीकेंडला रिसॉर्टचे दर बघून हात आखडता घेत असाल तर अहमदपूरकडची वेळ अमावस्या बघा. बोलीत 'येळवस'.

मार्गशीर्ष अमावस्येला अख्खं घर शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. जेवायला ताक-ज्वारीच्या पिठाची आंबील, ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी (भजी नव्हे!), तिळाची पोळी. बहुतेक सगळं घरचंच. ज्याला शेत नाही त्याला शेजारीपाजारी आवतण देतात.

आता थोडा इतिहास. निजामाच्या काळापासून अहमदपूर बिदर जिल्ह्यात होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत अहमदपूर, उदगीर, निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यात आले, बिदर म्हैसूर राज्यात गेलं. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. पण तिकडे कर्नाटकातही त्याच दिवशी लोक शेतात जेवतात आणि त्याला 'एळ्ळ अमावस्या' म्हणतात. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ! कुणी 'एळु' म्हणजे सात, म्हणून सातवी अमावस्या, असंही सांगतात. काहीही असो, शब्द कन्नडच वाटतो.

जिल्हा बदलला, राज्य बदललं, सण तसाच राहिला. त्याला लागतं फक्त शेत, आणि शेतं विकली जातायत. तेव्हा लातूरकडच्या मित्राने बोलावलं तर रजा टाका आणि पोरांना घेऊन जा.