शस्त्र केव्हा उचलावे?

रात्रीतून चार-चार वेळा उठावे लागते, तिष्ठत उभे राहिले तरी लघवी साफ होत नाही, ही तक्रार म्हातारा माणूस घरच्या माणसांनाही मोकळेपणी सांगत नाही. ‘वयच झाले’ म्हणून सोसत राहतो. खारेपाटणच्या या सभेतही असे कोणी असतील. त्यांच्यासाठी हा इतिहास.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे 12 प्रकार दिले आहेत. बस्तीच्या तोंडाशी, आतल्या अंगास, लहान, वाटोळी, अचल गाठ होऊन मूत्राची वाट अडते, असा त्यांतला एक. त्याला मूत्रग्रंथी म्हटले आहे. ही गाठ म्हणजे आजची वाढलेली प्रॉस्टेट, की तिच्यातील पाण्याची पुटी, हे छातीठोकपणे सांगवत नाही. पण अडथळ्याची जागा त्या वैद्यांनी हेरली होती खास. तरीही मूत्राघातावर त्यांनी मुख्यत्वे काढे, तूप व उत्तरबस्ती सांगितली. शस्त्रकर्माचे सविस्तर वर्णन आहे ते मुतखड्याचे. आणि तेथेही बजावले आहे की, शस्त्र न लावल्यास मरण निश्चित, लावल्यास जगण्याविषयी संशय. म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच हात घालावा.

पुढे 1878 साली बॉस्टनच्या बिगेलोने खडा मूत्राशयातच फोडून त्याचा चुरा एकाच बैठकीत बाहेर काढण्याची रीत प्रसिद्ध केली. होळकरांच्या इंदुरात कीगन या शस्त्रवैद्याने ती लहान मुलांवरही यशस्वी करून दाखविली. हिंदुस्थानातील सरकारी वैद्यकीय सेवेत असलेल्या पीटर फ्रेयरचा हातही येथल्याच मुतखड्यांवर बसला. लंडनला परतल्यावर, 1 डिसेंबर 1900 रोजी, त्याने ओटीपोटातून मूत्राशय उघडून वाढलेली प्रॉस्टेट बोटाने सोडवून काढली. न्यूयॉर्कच्या फुलरने हेच 1894 साली केले होते. त्यामुळे श्रेयाचा वाद माजला. रोग्यांना मात्र वाट मोकळी झाली.

आज मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालता येते. सोनोग्राफीत प्रॉस्टेटची पुटी दिसली, तरी त्रास नसल्यास बहुधा तिला हात लावीत नाहीत. मधोमध असून ती वाट अडवीत असेल, तर दुर्बिणीतून तिचे छत कापून ती मोकळी करतात. नुसते सुईने पाणी काढल्यास ती पुन्हा भरण्याचा संभव असतो.

सुश्रुताच्या काळी अनुज्ञा राजाची लागे. आज ती रोगी स्वतः देतो. पण त्यासाठी आधी त्याने लाज सोडून वैद्याशी बोलले पाहिजे.