लेणी, लाठी आणि लाल माती

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून वर गेले, किंवा मानमोडीच्या कुशीत घटकाभर टेकले, की आमच्या मंडळींपैकी कोणाला तरी चीन देश आठवतोच. “येथूनच भिक्षू तिकडे गेले आणि त्यांनीच चिन्यांस कुंगफू शिकविले,” असे वाक्य मग निघते व भोवतालच्या माना डोलतात. जुन्नरभोवती दीडशेहून अधिक लेणी आहेत, त्यांतील दानलेखांत यवनांचीही नावे कोरलेली आहेत, आणि नाणेघाटाने कोकणच्या बंदरांकडे व्यापाराची वाट उतरत होती. तेव्हा ही कल्पना कोणास सुचावी यात नवल नाही. परंतु सुचणे निराळे आणि घडणे निराळे.

शाओलिनचा मठ इ. स. ४९५ च्या सुमारास एका भारतीय भिक्षूकरिता बांधला गेला, हे खरे. बोधिधर्म हा दुसरा भिक्षू. त्याने मठवासीयांस व्यायाम व युद्धकला शिकविली, ही कथा मात्र ज्या ग्रंथाच्या आधारे पसरली, तो ग्रंथ १६२४ सालचा. तो एका ताओपंथीयाच्या हातचा असून त्यास खोट्या प्रस्तावना जोडून प्राचीनत्व देण्यात आले. तांग हाओ या चिनी संशोधकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच या कथेचा फोलपणा दाखवून दिला. त्याच सतराव्या शतकातील शाओलिनच्या लाठीवरील ग्रंथात विद्येचे श्रेय बोधिधर्मास नव्हे, तर एका किन्नर देवतेस दिलेले आहे! १६२४ नंतर सहाच वर्षांनी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. म्हणजे जी दंतकथा आम्ही लेण्यांइतकी जुनी समजतो, ती जवळजवळ शिवकालाच्याच वयाची आहे.

या शोधाने आम्हांस वाईट वाटण्याचे कारण नाही. उलट त्यातून एक अधिक मोलाची गोष्ट हाती लागते. शाओलिनचे भिक्षू १५५३ मध्ये समुद्री लुटारूंशी लढले, ते लाठ्या घेऊन. ती विद्या रणांगणाची होती. श्वासाचे नियमन, वैद्यक आणि मुष्टियुद्ध यांचा मेळ पुढे सतराव्या शतकात बसला, आणि शत्रूस पाडण्याची कला हीच देह निरोगी राखण्याची कला ठरली. कुंगफू या शब्दाचा मूळ अर्थ तरी काय? दीर्घ परिश्रमाने अंगी आलेली कुशलता. ती स्वयंपाक्याची असू शकते, तशी चित्रकाराचीही. आमच्या तालमीत यास ‘मेहनत’ म्हणतात.

आता कुकडी व घोड नद्यांच्या काठी परत येऊ. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील शाळांच्या मिरवणुकींत मुले लेझीम खेळतात. ही लेझीम मुळात सरावाचे धनुष्य होय. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले ते जड धनुष्य ओढून तिरंदाज बाहू कसत. धनुष्यबाण गेला, व्यायाम राहिला. पुढे व्यायामही पातळ होत गेला आणि ताल तेवढा उरला. बोथाटी व फरीगदगा यांची कथा फारशी वेगळी नाही. पेशवाई १८१८ मध्ये बुडाल्यावर पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले, तेव्हा त्या पट्ट्यास अजून धार होती. १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले, आणि पट्टा हळूहळू मिरवणुकीचा झाला. मल्लखांब दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभा केला, तो मल्लांच्या सरावासाठी. त्यावरही पुढे खांबच प्रतिस्पर्धी होऊन बसला.

एक कुस्तीच तेवढी वाचली, कारण तिच्यात समोर माणूस उरला. जोर, बैठका, खुराक, तालमीतला मारुती, ताक-तेल-हळद घालून मळलेली लाल माती, हे सारे त्या एका माणसाकरिता. आरोग्य हे त्या तयारीवरचे व्याज होते. मुद्दल काढून घेऊन केवळ व्याजावर किती पिढ्या निभावतील, याविषयी आम्ही साशंक आहो. सकाळी गच्चीवर मोजून पंचवीस बैठका काढणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे म्हणावे, यात थोडा विनोद आहे, तो वाचकांनी सांभाळून घ्यावा.

या भागात चैत्र-वैशाखाच्या जत्रांत आखाडा भरतो, तेव्हा आरंभ रेवड्यांच्या कुस्त्यांनी होतो. आठ-दहा वर्षांची पोरे लंगोट आवळून उतरतात, हाताला माती चोळतात, सलामी देतात. हरलेले पोरही मूठभर रेवड्या घेऊन बाहेर येते, आणि त्याच्या पाठीची माती कोणी तरी वडीलधारे माणूस उपरण्याने झाडून देते.