गाव ओसाड पडले की पाडले?

उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये, माल्टनच्या आग्नेयेला, खडूच्या दगडाच्या बुटक्या टेकड्या आहेत. त्यांच्या पश्चिम कडेला, एका ओढ्याच्या वर वॅरम पर्सी हे छोटे खेडे होते. पाण्यासाठी झरे, पेरणीसाठी माथ्यावरची सपाटी, खाली दरीत सेंट मार्टिनचे चर्च आणि तळे. पर्सी या सरदार घराण्याचे नाव गावाला चिकटले. 1086 च्या डूम्सडे नोंदवहीत वॅरमचा उल्लेख आहे.

आज तिथे छप्पर उडालेले चर्च आणि गवताखालचे चौथरे एवढेच उरले आहेत. गाव कशाने गेले? लोक पटकन म्हणतात, प्लेगने. 1348-49 च्या काळ्या मृत्यूने इंग्लंडची जवळपास निम्मी माणसे नेली, त्यामुळे हे उत्तर खरे वाटते. पण प्लेगनंतरही दीडशे वर्षे इथे चुली पेटत होत्या. 1458 साली सोळा घरे नांदती होती.

मग झाले काय? प्लेगमुळे मजूर कमी झाले, मजुरी वाढली. लोकरीला मात्र चांगला भाव होता. नांगराला दहा हात लागतात, मेंढ्यांना एक धनगर पुरतो. जमीनदाराने हिशेब केला आणि 1500 च्या सुमारास उरलेल्या चार कुटुंबांना बेदखल करून शेताचे कुरण केले. 1517 मध्ये सरकारने अशा प्रकारांची चौकशी केली, पण उठलेली माणसे परतली नाहीत.

हे उलगडले ते मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट या अभ्यासकांमुळे. 1950 ते 1990 अशी चाळीस वर्षे दर उन्हाळ्यात इथे उत्खनन चालले. राजवाडे नव्हे, कुळांची घरे खणली गेली.

मी भाषेचा शिक्षक. मला यात व्याकरण दिसते. ‘गाव ओसाड पडले’ या वाक्यात कर्ता गाव आहे, गुन्हेगार कोणीच नाही. ‘ओसाड पाडले’ म्हटले की लगेच प्रश्न येतो: कोणी? उर्दूतही ‘उजडना’ आणि ‘उजाडना’ यांत फक्त एका कान्याचा फरक आहे. प्लेगला जाब विचारता येत नाही, म्हणून दोष त्याच्यावर ढकलणे सोयीचे असते. वाचकहो, कोणत्याही उजाड वस्तीचा इतिहास वाचताना आधी क्रियापद तपासा. बेदखल झालेल्यांची बाजू बहुतेकदा तिथेच गाडलेली असते.