दौलताबादची अंधारी

पडद्यावर हातातला कंदील, पुढे काळोख, आणि तेल संपत चाललेले. २०१० सालच्या ‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ या व्हिडिओ गेमने ही धास्ती घरोघरी नेली. तेव्हापासून अशा नव्या भयखेळाची नुसती झलक आली, तरी चाहते दिवस मोजू लागतात.

छत्रपती संभाजीनगरकरांना हा थरार पंधरा किलोमीटरवर, दगडात कोरलेला मिळतो.

दौलताबादचा किल्ला म्हणजेच देवगिरी. त्याचा डोंगर चहूबाजूंनी ताशीव, पायथ्याशी खंदक. माथ्याकडे जाणारी वाट भुयारातून, तिचे नाव अंधारी. ओबडधोबड पायऱ्या, फसवी वळणे. मशालीच्या उजेडात दिसेल तेवढेच जग. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण, तिथे निखारे पेटवले की धूर थेट भुयारात. शत्रूच्या मनातली भीती इतकी नेमकी ओळखणारी दुसरी रचना दख्खनमध्ये क्वचितच असेल.

दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक याने १३२७ च्या सुमारास राजधानी इथे हलवली. पुढे आलेल्या प्रवासी इब्न बतूताने किल्ल्यातल्या अंधारकोठडीची हकिकत लिहून ठेवली आहे. तिथले उंदीर मांजरांहून मोठे. मलिक खत्ताब नावाचा कैदी रात्र रात्र त्यांच्याशी झुंजत असे. शेजारच्या विवरातला आजारी कैदी उंदरांनी कुरतडून मेला, तेव्हा कुठे सुलतानाने खत्ताबला बाहेर काढले.