रुमालाखालचा भाव

बैलबाजारात भाव बोलून नव्हे, बोटं धरून ठरे. दलाल उपरण्याखाली गिऱ्हाइकाचा हात घेई. एक बोट दाबलं की एक, पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, हे जनावर बघूनच दोघांना कळे. बघ्यांना दिसे ते फक्त हलणारं कापड.

बीदर-कलबुर्गी भागात कन्नड, मराठी, दखनी एकाच बाजारात नांदतात. बोटांना यातली कुठलीच भाषा लागत नसे.

भाषावार राज्यरचनेत १ नोव्हेंबर १९५६ला बीदर जिल्ह्यातला उदगीर तालुका मुंबई राज्यात गेला, भालकी-हुमनाबाद म्हैसूरकडे. देवणी जातीचे बैल मात्र आजही दोन्हीकडे पोसले जातात.

पण कापडाखालच्या गुप्ततेत नाडला जाई तो शेतकरीच. दलाल विकणाऱ्याला एक आकडा धरू शके, घेणाऱ्याला दुसरा. उघड बोलीच शेतकऱ्याच्या हिताची.