पालथे की उताणे? एका शिफारशीचा इतिहास

डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरील पुस्तक १९४६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि पुढील अर्धशतकात त्याच्या सुमारे पाच कोटी प्रती खपल्या. इतके वाचले गेलेले गद्य विसाव्या शतकात फार थोडे असेल. त्याची भाषा घरगुती, आश्वासक. आईबापांना धाक न घालता त्यांच्याशी बोलणारी. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आवृत्तीत तान्ह्या बाळाला कसे निजवावे यासंबंधी काही ओळी येतात. उताण्या निजलेल्या बाळाला उलटी झाली तर ते गुदमरण्याचा संभव अधिक, शिवाय मान एकाच बाजूला राहिल्याने डोके चपटे होते. तेव्हा पहिल्यापासून पालथे निजण्याची सवय लावलेली बरी, असा त्यांचा आशय आहे. हे आपले मत आहे, असेच स्पॉक यांनी लिहिले होते. वाचकांनी मात्र 'मला वाटते' एवढे गाळून उरलेले वाक्य उचलले.

त्या वाचकांत इयन चामर्स हे तरुण इंग्रज डॉक्टरही होते. हा सल्ला वरवर तर्कशुद्ध आणि अधिकारवाणीचा वाटल्याने आपण तो स्वतः पाळला व इतरांनाही दिला, अशी कबुली त्यांनी पुढे जाहीरपणे दिली. १९९३ साली वैद्यकीय पुराव्यांचे पद्धतशीर संकलन करणारी कॉक्रेन ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, ती प्रामुख्याने याच चामर्स यांच्या पुढाकाराने.

तर्कशुद्धता हीच येथली अडचण होती. युक्तिवाद कोणालाही पटावा असा होता, फक्त तो कोणी तपासून पाहिला नव्हता. शरीररचना तर नेमके उलट सांगते: बाळ उताणे असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, पालथे असताना खाली, त्यामुळे ओकारी श्वासनलिकेत शिरण्याचा धोका उताणे असताना वाढत नाही. पालथे निजण्याच्या धोक्याविषयी न्यूयॉर्कच्या हॅरल्ड अब्राम्सन यांनी १९४४ मध्येच लिहिले होते. पण तो पालथ्या घड्यावर पाणी ठरला. (आपल्या आज्यांना हे सारे आधीच ठाऊक होते, असा सूर लावण्याचा मोह येथे टाळावा. झोळीत बाळ उताणे निजते ते बहुधा झोळीच्या आकारामुळे.)

दरम्यान पाश्चात्त्य देशांत निरोगी अर्भके झोपेत दगावण्याचे प्रमाण वाढले. इंग्रजीत त्याला 'कॉट डेथ' म्हणू लागले. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात पालथे निजवण्याची प्रथा रुजली आणि मृत्यू वाढले. १९८७ साली खुस द याँग यांनी त्याविरुद्ध आवाज उठवल्यावर ते उतरू लागले. ब्रिटनमध्ये १९९१ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९४ साली बाळाला पाठीवर निजवण्याची मोहीम निघाली. त्यानंतर दोन्हीकडे अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले.

रूथ गिल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली जुने सर्व अभ्यास एकत्र मांडून एक प्रश्न विचारला: हे कधी कळू शकले असते? उत्तर आले, १९७० च्या सुमारास. त्या वेळी उपलब्ध पुरावा कोणी पद्धतशीर गोळा केला असता, तर ब्रिटनमधील दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान पन्नास हजार बालमृत्यू टळू शकले असते, असा त्यांचा अंदाज आहे. पुरावा छापलेला होता, ग्रंथालयांत होता. तो एकत्र वाचणे हे कोणाचेच काम नव्हते.

अमेरिकेच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'ने २०११ साली विश्वासार्ह उपचार-मार्गदर्शिकांसाठी आठ कसोट्या घालून दिल्या. त्यांत पुराव्याचा पद्धतशीर आढावा आहे, लेखकांचे हितसंबंध उघड करणे आहे, लेखकमंडळात रुग्णांना स्थान आहे, बाहेरच्यांकडून परीक्षण आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला विशेष रस वाटावा अशी कसोटी शिफारशीच्या शब्दयोजनेची. २००० साली सुरू झालेल्या 'ग्रेड' या पद्धतीत तर क्रियापदांनाच श्रेणी आहे: भक्कम शिफारशीसाठी 'आम्ही शिफारस करतो', सौम्य शिफारशीसाठी 'आम्ही सुचवतो'. पुराव्याचा दर्जा वेगळा नोंदवायचा, शिफारशीचा जोर वेगळा. हा भेद बारीक असला तरी आवश्यक आहे. बाळांना चिठ्ठ्या टाकून पालथे-उताणे निजवण्याचा प्रयोग कोण करील? या प्रश्नावरचा पुरावा निरीक्षणांतून आलेला, 'ग्रेड'च्या प्रारंभिक मोजणीत खालच्या पायरीचा. तरीही 'पाठीवर निजवा' हे ठामपणे सांगावेच लागते. उलट श्वासाचा त्रास असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला रुग्णालयात, यंत्रांच्या देखरेखीखाली, पालथे ठेवल्याने प्राणवायू अधिक मिळतो. तेथील परिचारिकेला घरासाठीचे वाक्य जसेच्या तसे लागू करता येत नाही. मार्गदर्शिका वापरणे म्हणजे हे वाक्य कोणासाठी लिहिले आहे ते आधी पाहणे.

स्पॉक १९९८ साली वारले. त्यांच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांत उताणे निजवण्याचा सल्ला आला. पण बालसंगोपनाची पुस्तके आईकडून मुलीकडे जातात, रद्दीच्या दुकानातून दुसऱ्या घरी जातात. २०११ च्या त्या कसोट्यांपैकी शेवटची अशी की मार्गदर्शिकेवर प्रकाशनाची तारीख, पुरावा कोणत्या दिवसापर्यंत पाहिला ती तारीख आणि पुढील फेरतपासणी कधी होणार ती तारीख, अशा तिन्ही तारखा छापलेल्या असाव्यात.